पेडल मारा आणि उडा म्हणे! मामांच्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मामीचा फोन आला. "तू आधी इकडे ये. हे टेप घेऊन गच्चीवर चढलेत आणि कडियाला बोलावलंय." कडिया म्हणजे गवंडी. आम्ही बडोद्याचे मराठी लोक गवंडी म्हणतच नाही, आमच्याकडे येतो तो कडियाच.

मामांचं घर दांडिया बाजारात, तीन मजली, जुनं. मी धापा टाकत गच्चीवर पोचले तर मामा उकिडवे बसून खडूने रेघ ओढत होते. एका कठड्यापासून समोरच्या कठड्यापर्यंत ३१ फूट, मधली पाण्याची टाकी चुकवून. कडिया पलीकडच्या कठड्यावर हात फिरवत विचारत होता, "काका, केटलुं तोडवानुं?"

मामा ७१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी सायकलवरून तोल जाऊन पडले, तेव्हा मुलाने त्यांना मोठ्यांची तीनचाकी सायकल आणून दिली, मागे टोपली असलेली. रोज सकाळी तिच्यावरून कमाटी बागेत जातात, येताना खंडेराव मार्केटमधून भाजी आणतात. त्या सायकलवर त्यांचा भारी जीव. आणि नेमका त्यांच्याच फोनवर हा मेसेज आला. सोसायटीच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आणि व्याह्यांकडून, असा तीनदा आला, म्हणून तो खरा ठरला.

मेसेज थोडक्यात असा. पायांनी पेडल मारून रस्त्यावर चालणारी आणि हवेत उडणारी तीनचाकी निघाली आहे. वजन ४५ किलो. पंख घडीचे, उघडल्यावर १० फूट लांब आणि ३ फूट रुंद. आत '४० पट गिअर', त्यामुळे माणसाची ताकद ४० पट होते. पाच मिनिटांत ३०० फूट उंची. पेट्रोल नाही, लायसन्स नाही, ट्रॅफिक नाही, गुडघ्यांना व्यायाम. जागा असेल तर सरळ वर उठते, नसेल तर 'घराच्या गच्चीवरून झेप घेता येते, त्यासाठी कठड्याचा चार फूट भाग काढून घ्यावा'. मूळ तंत्र 'वैमानिक शास्त्र' या प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ग्रंथातलं, त्यावर १८९५ मध्ये सयाजीराव महाराजांनी पैसा लावला होता, इंग्रजांनी ते पळवलं, आता ते बडोद्यात परत येत आहे. खाली परदेशी बाईमाणूस एका तीनचाकीवर बसून ढगात चाललेली आहे, असा फोटो. पहिल्या १०० जणांसाठी बुकिंग ५,१०० रुपये.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. घरातल्या मोठ्या माणसांना शिकवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण आता हा मेसेज माझ्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवरही आलाय, तेव्हा एकदाच लिहून टाकते.

कठड्यापासून सुरू करते, कारण बाकी सगळं हसण्यावारी नेता येईल, हे नाही.

मेसेजप्रमाणे पंखांचं क्षेत्रफळ ३० चौरस फूट, म्हणजे पावणेतीन चौरस मीटरच्या आसपास. मामांचं वजन ६८ किलो, गाडीचं ४५, मिळून ११३. एवढ्या पंखांवर एवढं वजन उचलायचं तर वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर लागतो. पंखांना अगदी उदारपणे मार्क दिले तरी. मामा रस्त्यावर फार तर १२ च्या वेगाने जातात, उतार असेल तर १५. उचल वेगाच्या वर्गाने वाढते आणि वर्गानेच घटते. वेग सातपट कमी असेल तर उचल एकोणपन्नास पट कमी. म्हणजे मामांच्या वेगाला हे पंख ११३ किलोंपैकी सव्वादोन किलो उचलतील. टोपलीतली भाजी उचलली जाईल, मामा नाहीत.

आणि हा वेग गाठायचा ३१ फुटांत. आमची अॅक्टिव्हा ३१ फुटांत ८० गाठत नाही.

मग कठड्यातून बाहेर पडल्यावर काय होईल? ते काही उडणं नव्हे, खाली पडणं आहे. तीन मजले म्हणजे नऊ मीटरच्या वर. दीड सेकंदाच्या आत खाली, आणि जमिनीला टेकताना वेग ताशी ४८ किलोमीटर. "अगं, पण पक्ष्याचं पिल्लू पण तर पहिल्यांदा फांदीवरून उडीच मारतं," मामा म्हणाले. पिल्लाचं वजन किती आणि पंख किती, ते विचारू नका. ओटो लिलिएन्थाल नावाचा जर्मन इंजिनीअर होता, ज्याच्याकडून पुढे राइट बंधू शिकले. टेकडीवरून ग्लायडर घेऊन त्याने दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली होती. नीट बांधलेले पंख, वर्षांचा सराव. ९ ऑगस्ट १८९६ ला वाऱ्याने दगा दिला, सुमारे १५ मीटरवरून पडला, दुसऱ्या दिवशी गेला. मामांचा सराव किती? शून्य.

पण माझा खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. ती गाडी येणारच नव्हती. कोणाच्याच घरी येणार नाही. गाडीवरून कोणी पडणार नाही, कारण गाडीच नाही. पण कठडा खरोखर फुटला असता. चार फुटांची फट गच्चीला कायमची राहिली असती आणि पुढे १४ जानेवारी आली असती. बडोद्यातली उत्तरायण ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. दिवसभर अख्खं शहर गच्चीवर. मुलं मान वर करून, डोळे पतंगावर, ढील देत देत मागे मागे सरकत असतात. पाठ कठड्याला लागली की थांबतात. मामांची नात आठ वर्षांची आहे, ती अशीच मागे सरकते, मी स्वतः दोनदा तिला धरलंय. ज्याने 'कठडा काढून घ्यावा' ही ओळ लिहिली त्याने कधी उत्तरायण पाहिली नसावी. पाहिली असेल तर तो माणूस फारच वाईट आहे.

कडियाला चहा पाजून परत पाठवला. कठडा शाबूत आहे.

आता गिअर. यावर मामा सगळ्यात जास्त अडून बसले. "तुझे पंख-बिंख लहान असतील, पण ४० पट ताकद आहे ना आत? ४० पट!" मग पुरावा दाखवायला खाली घेऊन गेले. स्वतःच्या तीनचाकीचं मागचं चाक विटेवर चढवून त्यांनी हाताने पेडल फिरवलं. चाक गरगर फिरायला लागलं, आऱ्या दिसेनाशा झाल्या. "बघ! एका बोटाने फिरवतोय. किती जोर आहे बघ."

मी पायातली चप्पल काढली आणि तिचा तळवा टायरला टेकवला. फार जोरात नाही. चाक थांबलं, पेडल थांबलं, मामांचं बोटही थांबलं.

"हे काय? तू ब्रेक लावलास."

"हवा पण हेच करते मामा. पंख्याचं पातं हवेला मागे ढकलतं तेव्हा हवा त्याला अशीच चप्पल लावून बसलेली असते."

गिअरने वेग वाढतो, तेवढाच जोर कमी होतो. जोर वाढवला तर वेग कमी होतो. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे शक्ती, तेवढीच राहते. घर्षणात गेली तर थोडी कमीच होते. शंभराची नोट देऊन दहा-दहाचे सुट्टे घेतले तर नोटा दहापट होतात, पैसे शंभरच राहतात. दुकानदार सुट्ट्याचं कमिशन कापत असेल तर पंच्याण्णव. '१०० वॉट आत, ४००० वॉट बाहेर' असं यंत्र कोणाकडे असतं तर तो ते सायकलीला कशाला लावेल? त्याने वीज बोर्डाला विकली असती. याच मेसेजमध्ये एके ठिकाणी 'फ्लायव्हीलमध्ये शक्ती साठते' असंही आहे. साठते, खरंय. गल्ल्यात टाकलं तेवढंच गल्ल्यातून निघतं.

मग मूळचे किती वॉट आहेत तेच मोजू म्हटलं. जिना मोजला. एका मजल्याला १८ पायऱ्या, प्रत्येक पायरी १७ सेंटिमीटर, म्हणजे तीन मीटरच्या जरा वर. मामा फोनवरच्या स्टॉपवॉचवर एक मजला १८ सेकंदांत चढले, तेही कठड्याला हात न लावता, कारण मी बघत होते. हिशेब केला, ११३ वॉट. ७१ व्या वर्षी उत्तमच. मग माझ्या भाच्याला पळवलं. २२ वर्षांचा, ६२ किलोचा, जिमला जातो. तीन मजले, दोन-दोन पायऱ्या टाकत, ९ सेकंद. ६२० वॉट! त्याने वरूनच आरोळी ठोकली आणि मग वरच्याच पायरीवर बसला. दोन मिनिटं तोंडातून शब्द नाही. मामीने लिंबू-पाणी दिलं.

६२० वॉट तो ९ सेकंद देऊ शकला. तासभर द्यायचे तर त्याच्यासारखा तरुण जेमतेम दीडशे-दोनशेवर येईल. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. घरातला मिक्सर ५०० ते ७५० वॉटचा असतो. मामांच्या पायांवर खोबऱ्याची चटणीही धड वाटली जाणार नाही. आता मेसेजची '५ मिनिटांत ३०० फूट' घ्या. ११३ किलो एवढ्या वेगाने वर न्यायचे तर नुसत्या चढण्यासाठी ३४० वॉट लागतात. हवेत टिकून राहायला लागतात ते वेगळे, पंख्यात वाया जातात ते वेगळे. मामांकडे ११३ आहेत आणि तेही एका मजल्यापुरते.

हे कागदावर लिहून मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, गुणाकार स्वतः करून पाहिला (बरोबर निघाला, याचं त्यांना वाईट वाटलं) आणि मग हुकमाचा एक्का काढला. "मग काय, जगात कोणीच पायाने उडालं नाही?"

इथे मला, मनात नसताना, मान्य करावं लागतं. उडालंय. पायांनी पेडल मारून माणूस उडालेला आहे आणि ती हकीकत या मेसेजपेक्षा कितीतरी सुंदर आहे. मेसेज लिहिणाऱ्याला ती माहीत असती तर त्याला खोटं बोलावंच लागलं नसतं, पण मग ५,१०० रुपयेही मिळाले नसते.

१९७७ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात पॉल मॅक्रेडी यांच्या 'गॉसमर काँडर'ने इंग्रजी आठाच्या आकड्याचा फेरा पुरा करून माणसाच्या ताकदीवर उडण्यासाठी ठेवलेलं क्रेमर पारितोषिक घेतलं. चालवणारा होता ब्रायन ॲलन नावाचा सायकलपटू. मग १२ जून १९७९ ला तोच ॲलन 'गॉसमर अल्बाट्रॉस'मध्ये बसून इंग्लिश खाडी ओलांडून गेला. ३५ किलोमीटरच्या वर, २ तास ४९ मिनिटं, आणि बहुतेक वेळ पाण्यापासून जेमतेम दीड मीटरवर. प्यायचं पाणी संपलं, रेडिओ बंद पडला, पायात गोळे आले. एका क्षणी त्याने हार मानून खालच्या बोटीला दोर बांधायला सांगितलं. दोर बांधता यावा म्हणून जरा वर चढला, तर तिथली हवा शांत लागली, म्हणून म्हणाला थोडं अजून जाऊन पाहू. असा पोचला.

ते विमान होतं ३२ किलोचं. कार्बनच्या नळ्या आणि वर पारदर्शक पातळ फिल्म. आणि पंख? जवळजवळ ३० मीटर, ९७ फूट. १० फूट नव्हेत. मेसेजमध्ये 'बडोदा आता विमानांचं शहर आहे' असं जे म्हटलंय, तेवढं मात्र खरं. सी-२९५ नावाचं सैनिकी मालवाहू विमान जोडणारा टाटा-एअरबसचा कारखाना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इथे सुरू झाला. तर ऐका, त्या अख्ख्या मालवाहू विमानापेक्षा एका माणसाच्या पायांवर उडणाऱ्या अल्बाट्रॉसचे पंख लांब होते. इंजिन जितकं दुबळं तितका पंख लांब आणि वजन कमी, यातून सुटका नाही. ॲलनचे पाय साधारण २५० वॉट देत होते, तेही पावणेतीन तास.

सगळ्यात मोठी गोष्ट 'डेडलस'ची, आणि मामांना मी तीच सविस्तर सांगितली, कारण ती ऐकल्यावर बाकीचे वाद आपोआप मिटतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी बनवलेलं विमान. वजन ३१ किलो, पंख ३४ मीटर, म्हणजे आपल्या हरणी विमानतळावर दिवसभर येणाऱ्या एअरबस ए-३२० च्या पंखांएवढे. चालवणारा कॅनेलोस कॅनेलोपूलोस, ग्रीसचा चौदा वेळचा राष्ट्रीय सायकल विजेता. २३ एप्रिल १९८८ ला तो क्रीट बेटावरून निघाला आणि ३ तास ५४ मिनिटं पेडल मारत सँटोरिनीला पोचला. ११५ किलोमीटर. पायांनी उडण्यात इतकं लांब त्याआधी कोणी गेलेलं नव्हतं.

पोचला म्हणजे जवळजवळ पोचला. किनारा अगदी काही मीटरवर असताना वाऱ्याचा एक झोत आला, शेपटीचा दांडा मोडला, मग पंख मोडला आणि विमान पाण्यात पडलं. तो पोहत किनाऱ्याला लागला. जगातले उत्तम इंजिनीअर, देशाचा अव्वल सायकलपटू, हवामान पाहून निवडलेला दिवस, खाली समुद्र आणि सोबत बोटी. तरीही एका झोताने संपलं. आणि आपण दांडिया बाजारातून, विजेच्या तारांमधून, मांज्याच्या गुंत्यातून, १० फुटी पंखांवर जाणार.

मामा हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चौदा वेळचा?" चौदा वेळचा.

'सरळ वर उठते' या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. पेडलवरचं हेलिकॉप्टरही झालंय. कॅनडातल्या चमूचं 'ॲटलस'. १३ जून २०१३ ला ते ६४ सेकंद हवेत राहिलं, ३.३ मीटर उंच गेलं आणि सिकोर्स्की पारितोषिक घेऊन गेलं. ते पारितोषिक १९८० पासून कोणालाच मिळालं नव्हतं. त्याला चार पंखे होते, प्रत्येकाचा व्यास २० मीटर, आणि वारा नको म्हणून बंद स्टेडियमच्या आत उडवलं. तुमच्या अंगणात बसत असेल तर बघा.

फोटोचं काय? फोटो मोठा करून पाहिला. बाईमाणसाच्या पाठीमागे जाळीच्या पिंजऱ्यात पंखा आहे, सीटच्या मागे टाकी आहे आणि वर पॅराग्लायडरची छत्री आहे. मेसेजवाल्याने छत्री कापून टाकायचा प्रयत्न केलाय, पण दोऱ्या राहिल्यात. अशी गाडी खरोखर आहे. जर्मनीतल्या फ्रेश ब्रीझ या कंपनीने 'फ्लाइक' नावाने बनवली. झोपल्यासारखं बसून पेडल मारायची तीनचाकी, तिला जोडलेली पॅरामोटर, म्हणजे पाठीमागे इंजिनाचा पंखा आणि वर छत्री. रस्त्यावर पाय चालतात, हवेत पेट्रोल चालतं. हवेत असताना पेडल नुसतं शोभेचं. पॅरामोटरची इंजिनं पंधरा-वीस अश्वशक्तीची असतात, कारण छत्री आठ मीटर पुढे जाताना एक मीटर खाली येते, आणि तिला वर रेटायला तेवढा जोर लागतोच. मामांचे ११३ वॉट म्हणजे अश्वशक्तीचा सातवा हिस्सा.

तर म्हणायचंच असेल तर 'पेडलची तीनचाकी उडते' हे अर्धं खरं आहे. पेडलची आहे. उडते. पण पेडलने उडत नाही. या एका 'ने'मध्ये अख्खी फसवणूक बसलेली आहे.

लायसन्स. मेसेज म्हणतो, इंजिन नाही म्हणून परवाना नाही. ग्लायडरलाही इंजिन नसतं, तरी तो चालवायला परवाना लागतो. गरम हवेच्या फुग्यालाही लागतो. आणि बडोदेकरांसाठी गंमत अशी की १९३४ च्या आपल्या विमान कायद्यात 'विमाना'च्या व्याख्येत फुगे आणि ग्लायडर यांच्या बरोबरीने चक्क पतंगही होते. हवेच्या आधाराने तरंगतं ते विमान, कायद्याला इंजिनाशी देणंघेणं नाही. (आपण सगळे लहानपणापासून विनापरवाना वैमानिक आहोत, हे वाचून भाचा फार खूश झाला.) त्या जुन्या कायद्याची जागा आता २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. शिवाय हरणीचा विमानतळ शहरालाच चिकटून आहे. ३०० फुटांवर मामा तिथून गेले असते तर खाली उतरल्यावर घरी आले नसते.

गुडघ्यांना व्यायाम? मामांची सध्याची तीनचाकी तो देते. पुढे.

ट्रॅफिक? उतरणार कुठे, सूरसागरात? पुढे.

सयाजीरावांपाशी मात्र थांबते, कारण इथे मामांचा स्वर बदलला. "महाराजांचं नाव आहे गं त्यात. महाराजांच्या नावाने कोण खोटं बोलेल?" हीच तर मेख आहे. बडोद्याच्या मराठी माणसाला काय दाखवलं की तो शंका घेणार नाही, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचे खरेखुरे गृहस्थ होते आणि त्यांना विमानाचा ध्यास होता, इथपर्यंत ठीक. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांचं यंत्र उडालं आणि सयाजीराव महाराज व न्यायमूर्ती रानडे ते बघायला हजर होते, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिच्यासोबत तपासून घेता येईल असा त्या काळचा कागद मात्र कधीच येत नाही, फक्त पुढची कथा येते. राहिलं वैमानिक शास्त्र. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच प्राध्यापकांनी १९७४ मध्ये तो ग्रंथ ओळ न् ओळ तपासला. निष्कर्ष असा की तो १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यात रेखाटलेली विमानं उडण्याच्या लायकीची नाहीत. म्हणजे १९०४ नंतरच्या पोथीवरून १८९५ ला विमान उडालं! तारखासुद्धा जुळवून घ्यायची तसदी घेतलेली नाही.

महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, ज्याच्यातून आजची टेक्नॉलॉजी फॅकल्टी उभी राहिली. १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. माझी पणजी त्यामुळे शाळेत गेली, म्हणजे मामांची आजी. मामांना मी एवढंच म्हटलं की तुमच्या आजीला महाराजांनी ज्यासाठी शाळेत घातलं ते हे आकडे वाचण्यासाठी. ते जरा जास्तच झालं, मामीने डोळे वटारले. पण बोलून गेले ते गेले.

शेवटी पैसे. मामांनी ५,१०० रुपये शुक्रवारीच भरले होते, कोड स्कॅन करून. मामीला ते रविवारी दुपारी, मला त्याच्यानंतर कळलं. बुकिंगची पावती म्हणून एक चित्र आलं होतं, त्यावर विमानाचं शिक्कामोर्तब, खाली नंबर. नंबरवर फोन केला तर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत हा फोन केला तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त, दोन दिवसांनी केला की उरते ती आशा. मामांनी दोन दिवस लाजेने काढले. तुमच्या घरी कोणी भरले असतील तर रागवायचं नंतर, आधी फोन लावा. आणि कडियाला बोलावलं असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

संध्याकाळी निघताना मामा मला सोडायला खाली आले. विटेवरची सायकल उतरवून ठेवली, टोपलीत पडलेली कोथिंबिरीची काडी उचलून टाकली. मी अॅक्टिव्हा चालू केली तेव्हा हळूच, मामी ऐकत नाही ना बघून, विचारलं:

"ती जर्मनीवाली कितीला पडते गं?"